मधल्या वयातले पूल

१९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, बोरघाटातला एक रेल्वेपूल कोसळला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव ‘म्हौ-के-मल्ली’ असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. मूळ मराठी उच्चार साहेबांच्या कानातून गाळून कागदावर उतरेपर्यंत त्याचं काय झालं असेल, याचा अंदाजच करायचा. रेल्वेने खंडाळ्याचा घाट चढावा म्हणून १८५६ ते १८६३ या काळात जे अचाट काम झालं, त्यातला हा पूल. सुमारे साडेपंधरा मैलांत १,८३१ फुटांची चढण, कुठे कुठे ३७ फुटांमागे एक फूट इतका चढ, २५ बोगदे, आणि दऱ्या ओलांडण्यासाठी कमानींचे आठ मोठे पूल. रेल्वेच्या भाषेत व्हायाडक्ट. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं. त्यानंतर जेमतेम चार पावसाळे पुरे झाले आणि त्यातला एक पूल नाहीसा झाला.

त्याचे भाऊबंद कसे दिसत होते हे मात्र आज आपण पाहू शकतो, कारण या घाटाचं बांधकाम चालू असतानाच त्याची छायाचित्रं काढली गेली आणि त्यांचे अल्बम परदेशी संग्रहांत टिकून राहिले. ही छायाचित्रं ॲलिस ट्रेडवेल या बाईंच्या नावावर आहेत. त्यांचे पती सॉलोमन ट्रेडवेल यांनी १८५९ मध्ये घाटाचा ठेका घेतला. आधीचा ठेकेदार फॅव्हिएल काम सोडून गेला होता. हिंदुस्थानात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत सॉलोमन आजाराने वारले. बाईंनी परतीची बोट धरली नाही. ठेका स्वतःच्या नावावर पुढे चालवला आणि प्रत्यक्ष कामावर अनुभवी इंजिनियर नेमले. १८६१ मध्ये या कामावर बेचाळीस हजारांहून जास्त माणसं होती. घाटाचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली उद्घाटन बघायलाही उरला नाही. १८६२ मध्ये तो गेला.

ही छायाचित्रं कशी काढली असतील, याचा विचार हातात मोबाइल असलेल्या माणसाने एकदा तरी करून पाहावा. तो काळ ओल्या कोलोडियनचा. काचेवर चिकट द्राव ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद उजेड द्यायचा आणि वाळायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, तिथल्या तिथे डेव्हलप करायची. त्यासाठी काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याच्या घागरी आणि काचांच्या पेट्या घाटात चढवायच्या. म्हणजे एका चित्रामागे पाच-सहा माणसांची मेहनत. असं असताना कोणी गंमत म्हणून कॅमेरा उघडत नसे. कुठे उभं राहायचं, कोणती कमान घ्यायची, किती वाजताचं ऊन हवं, हे सगळं आधी ठरलेलं असे. मोजक्या काचा, त्यामुळे प्रत्येक काचेमागे निर्णय.

मुंबईत तेव्हा ही विद्या नवी असली तरी परकी राहिली नव्हती. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. नारायण दाजी तर स्वतः चांगले छायाचित्रकार. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून तयार झाले. पण या आपल्या लोकांचा ओढा माणसांकडे होता. जातीजमातींचे, पोशाखांचे, प्रतिष्ठितांचे फोटो त्यांनी काढले. पूल त्यांच्या काचेवर फारसे आले नाहीत. पुलाचा फोटो ही बांधणाऱ्याची गरज होती. विलायतेतल्या भागधारकांना आपला पैसा कुठे गेला हे दाखवायचं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पूल पडल्यावर चौकशी झाली आणि ठपका आला तो चिरेबंदी कामाच्या दर्जावर. जी.आय.पी. रेल्वेचं बरंच दगडी बांधकाम त्या काळात वाईट निघालं आणि ते पुन्हा करावं लागलं. अशा बांधकामात रोग आत असतो. बाहेरून घडीव दगड रेषेत बसलेले, सांधे काटेकोर. आतलं डबर सुटं किंवा चुना कच्चा. छायाचित्र दर्शनी दगड दाखवतं, आतला चुना दाखवत नाही. ट्रेडवेलबाईंच्या अल्बममध्ये पूल देखणे दिसतात ते खोटं नाही, पण तेवढ्यावरून त्यांच्या प्रकृतीचा निर्वाळा देता येत नाही. जुन्या पुलांचे फोटो काढणाऱ्याने ही मर्यादा आधीच मनाशी बांधून घ्यावी. ‘आम्ही पूल जतन करतो’ असं आमच्यातले काही उत्साही लोक प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात लिहितात, तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. पूल चुन्याने, शिशाने, रंगाने आणि दरवर्षीच्या तपासणीने जतन होतात. आम्ही जतन करतो ते त्यांचं दिसणं.

ते दिसणंही कमी मोलाचं नसतं, याचं एक जुनं उदाहरण युक्रेनमधलं आहे. कीव्हला नीपर नदीवर चार्ल्स व्हिन्योल्स या इंजिनियरने साखळ्यांचा झुलता पूल बांधला. १८५२ मध्ये, काम पुरं होत आलं असताना, त्याने रॉजर फेंटन या छायाचित्रकाराला सोबत नेलं. पुढे क्रिमियन युद्धाच्या फोटोंनी नावाजला तोच हा फेंटन. १९२० मध्ये माघार घेणाऱ्या पोलिश फौजेने तो पूल उडवला. आता ते कागद आहेत, पूल नाही.

वीसेक वर्षं मी जुन्या पुलांचे फोटो फिल्मवर काढतो आहे आणि जमेल तिथे जुने फोटो गोळा करतो आहे. या दोन्ही उद्योगांतून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पुलाचे फोटो दोनदा निघतात: जन्मताना आणि मरताना. मधली साठ, ऐंशी, दीडशे वर्षं जवळजवळ कोरी असतात. पूल जेव्हा खरोखर पूल असतो, माणसं, बैलगाड्या, यष्ट्या, वराती, प्रेतयात्रा वाहून नेत असतो, त्या काळातला त्याचा चेहरा आपल्याकडे नसतो.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल घ्या. १९२८ सालचा, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि एक खासगी मोटार गेली. चाळीसच्या आसपास माणसं दगावली. दुसऱ्या दिवसापासून त्या जागेचे किती फोटो निघाले असतील याला गणती नाही: गढूळ पाणी, तुटका रस्ता, दोर सोडून बसलेले जवान, काठावर उभे नातेवाईक. मी त्या पुलाचा पडण्याआधीचा, नदीपात्रातून सरळ समोरून घेतलेला, सगळ्या कमानी दिसतील असा चांगला फोटो शोधत होतो. अठ्ठ्याऐंशी वर्षं त्या पुलावरून मुंबई-गोवा वाहतूक चालली. कोकणातल्या प्रत्येक चाकरमान्याने गणपतीला जाताना तो ओलांडला असेल. पण ओलांडणाऱ्याला पूल दिसत नाही. त्याला दिसतो कठडा आणि समोरच्या गाडीचा लाल दिवा. पूल बघायचा तर रस्ता सोडून खाली उतरावं लागतं, आणि खाली उतरायचं कारण धोबी, कोळी, वाळूवाले आणि गुराखी यांनाच असतं. त्यांच्याकडे कॅमेरे नव्हते.

लोणावळ्याजवळचा अमृतांजन पूल तर अनेकांच्या तोंडी होता. मुंबईहून घाट चढून येणाऱ्याला तो आता पोहोचलो अशी खूण वाटे. त्यावर एकेकाळी अमृतांजनची जाहिरात होती, म्हणून हे नाव. गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि पाडकामाच्या बातम्यांत पुलाचं वयही १९० वर्षं असंच दिलं गेलं. त्याचे खांब द्रुतगती महामार्गाच्या वाटेत येत होते, कोंडी आणि अपघात होत होते. पाडायचं आधीच ठरलेलं होतं, पण रहदारी थांबवायची कशी हा प्रश्न होता. तो टाळेबंदीने सोडवला. ५ एप्रिल २०२० रोजी, रस्ते ओस पडलेले असताना, सुरुंग लावून पूल पाडला. एरवी अशा पुलाला निरोप द्यायला पाचपन्नास कॅमेरेवाले जमले असते. त्या दिवशी आम्ही सगळे घरात कोंडलेले. टीव्हीवर धुळीचा एक लोट दिसला आणि संपलं.

मुंबईतले रेल्वेवरचे पूल याहून घाईत जातात, कारण तिथे मेगाब्लॉकच्या तासांचा हिशेब असतो. १८७९ चा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये गेला. मशीद बंदरजवळचा १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये सत्तावीस तासांच्या ब्लॉकमध्ये उतरवला. त्या जागी जो नवा पूल २०२५ च्या जुलैमध्ये सुरू झाला त्याचं नाव सिंदूर. त्याच सप्टेंबरात परळ-प्रभादेवी जोडणारा १९१३ चा एल्फिन्स्टन पूल रहदारीला बंद झाला. तिथे शेवटच्या दिवसांत लोक घरून मुलांना घेऊन येत होते, सेल्फी काढत होते. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पण त्या हजारो फोटोंत बॅरिकेड आहेत, पोलीस आहेत, फोटो काढणारे इतर लोक आहेत. सकाळी सहाला हातगाडी ढकलत चढणारा माणूस नाही.

मधलं वय कोरं राहण्याला आळस हे एकच कारण नव्हे. आपल्याकडे कित्येक पुलांच्या तोंडाशी ‘फोटो काढण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी असे. काही ठिकाणी ती अजून गंजत उभी आहे. १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमध्ये रेल्वे, रस्ते आणि त्यांचा भाग असलेली बांधकामं सरकारला अधिसूचना काढून ‘प्रतिबंधित जागा’ ठरवता येतात. शत्रूला पूल कळू नये, हा मूळ हेतू. उपग्रहाच्या जमान्यात त्याला काय अर्थ उरला हा वेगळा प्रश्न, पण पाटीने आपलं काम चोख केलं: शत्रूला पूल कळला की नाही देव जाणे, नातवंडांना मात्र कळला नाही. मला स्वतःला पुलाखाली तिकाटणं लावून, डोक्यावर काळं फडकं घेतलेलं पाहून हटकलं गेलं आहे. मोबाइलने तोच पूल टिपणारी दहा पोरं शेजारी उभी असतात, त्यांना कोणी विचारत नाही. तिकाटणं म्हटलं की सर्वेक्षण, सर्वेक्षण म्हटलं की जमीन जाणार, हे समीकरण गावकऱ्यांच्याही मनात पक्कं आहे. निम्मा वेळ ‘नाही हो, रस्ता रुंद होत नाहीये’ हे पटवण्यात जातो.

याला एक ठळक अपवाद बोरघाटातच आहे. घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन उलट्या टोकाला लागायचं आणि उरलेला घाट गाडी उलट दिशेने चढायची. थांबलेल्या प्रवाशाला दरी दिसे, दरीवरचा रस्ता दिसे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या जागेची पोस्टकार्डं भरपूर निघाली आणि आजही जुन्या बाजारात सापडतात. १९२९ च्या सुमाराला विजेची गाडी आणि नवा मार्ग आला, स्टेशन गेलं, गाडी थांबायची बंद झाली आणि पोस्टकार्डंही आटली. जिथे माणूस थांबतो तिथलाच फोटो निघतो, असा याचा साधा हिशेब.

अमेरिकेत हा हिशेब सरकारी पातळीवर बदलला गेला. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा ‘सिल्व्हर ब्रिज’ संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. साखळीच्या एका दुव्यात पडलेली बारीकशी भेग, एवढंच कारण. त्यानंतर देशभर पुलांच्या तपासणीचे नियम आले. तपासणी सुरू झाली म्हणजे दुबळे पूल सापडणार आणि सापडले म्हणजे पाडले जाणार, हे ओघाने आलंच. पण त्याच सुमाराला, १९६९ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागाने, स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने मिळून ऐतिहासिक अभियांत्रिकी बांधकामांच्या नोंदीचा एक कायमचा उपक्रम सुरू केला. पाडण्याआधी मोजमापाची रेखाटनं, लिखित इतिहास आणि मोठ्या आकाराच्या फिल्मवरची कृष्णधवल छायाचित्रं. अट अशी की ती पाचशे वर्षं टिकतील अशा साहित्यावर आणि पद्धतीने केलेली असावीत. डिजिटल कॅमेरे आल्यावरही त्यांनी फिल्मचा आग्रह बराच काळ सोडला नाही. हा सगळा ठेवा सार्वजनिक आहे. कोणीही बघावा, छापावा. डेव्हिड प्लाउडेनसारख्या छायाचित्रकाराने १९७४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पुलांवर आख्खं पुस्तक केलं, तेही याच काळातलं. पूल चालू असताना, अंगावर गाड्या वागवत असताना, त्याने ते पाहिले.

आपल्याकडे वारसा म्हटलं की देऊळ, किल्ला, वाडा. चालू पूल हा कोणाच्या तरी खात्याचा असतो. वारसा ठरायला त्याला आधी निकामी व्हावं लागतं. कोल्हापुरात पंचगंगेवर शिवाजी पुलाला पर्यायी पूल बांधायचं काम वर्षानुवर्षं अडलं, ते शेजारच्या ब्रह्मपुरी टेकडीला पुरातत्त्वाचं संरक्षण होतं म्हणून. टेकडी संरक्षित, तिच्या पायाशी दीडेकशे वर्षं राबणारा पूल नुसताच जुना.

‘पण फिल्मच का?’ हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो, बहुधा पहिल्या रांगेतून. फिल्म पवित्र आणि डिजिटल बाटगं असं मी मानत नाही. फिल्मही मरते. जुन्या ॲसिटेट निगेटिव्हच्या डब्याचं झाकण उघडलं की शिरक्याचा वास येतो. तो वास आला की समजायचं, फिल्म विघटित होते आहे आणि ती परत येणार नाही. हायपो नीट धुतला नाही तर चित्र पिवळं पडतं. आपल्या हवेत बुरशी तर पाचवीला पुजलेली. माझ्या घरात निगेटिव्हचं कपाट आणि तांदळाचा डबा यांत जास्त काळजी कशाची घेतली जाते हे विचारू नये.

तरी फिल्म, याची कारणं कामातून आलेली आहेत. पहिलं, निगेटिव्ह ही वस्तू आहे. पन्नास वर्षांनी कोणाला पेटीत सापडली तर खिडकीपाशी उजेडात धरून त्याला पूल दिसेल. पासवर्ड लागणार नाही. माझ्याच पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो ज्या हार्ड डिस्कवर होते ती आज कुठल्याही यंत्राला ओळख दाखवत नाही. दुसरं, चार बाय पाच इंचाच्या शीटचा कॅमेरा. त्याची भिंग धरणारी पाटी वर सरकवता येते, त्यामुळे नदीपात्रात उभं राहून कॅमेरा न कलवता उंच पूल चौकटीत बसतो आणि खांब खांबासारखे उभे राहतात. एकमेकांकडे झुकत नाहीत. पुढे कोणी या चित्रावरून कमानीचं प्रमाण काढू म्हणालं तर ते काढता येतं. मी चौकटीच्या कडेला फुटांच्या खुणा रंगवलेली एक काठी उभी करतो. ती कलेच्या दृष्टीने खटकते असं मला सांगितलं गेलं आहे.

तिसरं कारण सावल्यांचं. आपले पूल काळ्या दगडाचे. कमानीचं पोट म्हणजे भरदुपारी अंधार, आणि तिच्यातून दिसणारं पाणी भाद्रपदाच्या उन्हात पांढरंफेक. या दोहोंना एका चित्रात नांदवायचं तर सावली बघून एक्स्पोजर द्यायचं आणि उजेड बघून डेव्हलपिंगची वेळ कमी करायची, ही कृष्णधवलवाल्यांची जुनी रीत. पण खरा उपाय म्हणजे वाट बघणं. ढगाळ, पाऊस थांबून दगड ओले असलेली सकाळ मिळाली की सांधा न सांधा वाचता येतो: कुठे चुना गेला, कुठे सिमेंटने लिंपलं, कुठे पिंपळाने मूळ घातलं. अशी सकाळ वर्षाकाठी चार-सहा वेळा मिळते. एका पुलाला मी दहा शीट ठेवतो आणि कधी कधी त्यातल्या सहा परत आणतो.

इथे आमच्या कलावंत मंडळींशी माझं एक भांडण आहे. पुलांच्या ‘फाइन आर्ट’ छायाचित्रणात एक लाट आली आहे: भिंगाला काळी फिल्टर लावायची, दोन-तीन मिनिटं उजेड घ्यायचा, पाण्याचं दूध होतं, ढगांचे पट्टे होतात आणि पूल एकटा, ध्यानस्थ उभा दिसतो. देखणं असतं, मीही काही काढले, भिंतीवर लावले. पण दोन मिनिटांच्या उघडीपीत पुलावरून चाललेलं काहीही उमटत नाही. गाड्या नाहीशा, माणसं नाहीशी. ट्रेडवेलबाईंच्या काळात रसायनं मंद होती म्हणून हलणारी माणसं पुसट व्हायची. तो त्यांचा नाइलाज. आज आपण ती मुद्दाम पुसतो, हे मला पटत नाही. पाणीसुद्धा पुसू नये. पुलाचं अर्धं आयुष्य पाण्याशी असतं. पाणी खांबावर आपटून कुठे फुटतं, भोवरा कुठल्या बाजूला पडतो, हे चित्रात राहिलंच पाहिजे. म्हणून मी आता वेगवान फिल्म वापरतो आणि चित्रात थोडे दाणे आले तर येऊ देतो.

सध्या माझा मुक्काम बहुतेक पावसाळ्यांत सांगलीला असतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी. १९२९ चा हा पूल, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा. गव्हर्नर, व्हाइसरॉय यांची नावं पुसण्याची एवढी हौस असलेल्या आपल्या राज्यात हे नाव टिकलं, त्याचं श्रेय पुराला आहे. जुलै उजाडला की सांगलीकर सकाळी उठून देवाआधी आयर्विनची पातळी विचारतो. पुलावर फुटांच्या खुणा आहेत. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ‘आयर्विनला किती?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईतून, दुबईहून, अमेरिकेतून फोनवर येतो. २००५, २०१९, २०२१ हे पूर या शहराने त्या खुणांवरून लक्षात ठेवले आहेत. पूल ओलांडायची गोष्ट आहे, पण हा पूल वाचायची गोष्ट झाला आहे.

नावांचं असंच असतं म्हणा. पुण्यात पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनी मुठेवर लाकडी पूल बांधवला असं सांगतात. त्या जागी दगडी पूल होऊन पिढ्या गेल्या, त्याला संभाजी महाराजांचं नाव देऊनही वर्षं लोटली. पुणेकर तरीही लकडी पूल म्हणतो. छायाचित्रणाचा शोधच लागला नव्हता तेव्हा त्या लाकडाची नोंद जिभेने ठेवली.

आयर्विनचे फोटो काढण्याची घाई मला आहे ती तो पडेल म्हणून नाही. त्याच्या शेजारी समांतर पुलाचं काम हाती घेतलं गेलं, आणि जुन्याशेजारी नवा पूल आला की जुना पाडण्याच्या कितीतरी आधी त्याचं दिसणं जातं. एका बाजूने तो कायमचा झाकला जातो. सावित्रीवरही जुन्या पुलाशेजारी नवा होता. पुलाचा समोरून, पूर्ण, मोकळा फोटो घेण्याची मुदत अशी कोणाच्याही लक्षात न येता संपते. त्याची ना बातमी होते ना ब्लॉक जाहीर होतो.

म्हणून मी एकाच जागेवरून, घाटाच्या ठरलेल्या पायरीवर तिकाटणं लावून, महिन्यातून एकदा तोच फोटो घेतो. जानेवारीत पाणी खाली गेलेलं असतं, खांबांच्या तळाशी वाळलेल्या गाळाचा पट्टा दिसतो. एप्रिलमध्ये पोरं पोहत असतात. ऑगस्टमध्ये कधी पायरीच पाण्याखाली असते, तेव्हा मागे सरकून दुसऱ्या ठरलेल्या खुणेवर उभा राहतो. प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलने लिहितो, कारण शाई दमटपणात पसरते: तारीख, वेळ, भिंग, उघडीप, उभं राहण्याची जागा, आयर्विनची पातळी फुटांत. खाली एक ओळ पुलावर त्या क्षणी कोण होतं याची. ट्रेडवेलबाईंच्या अल्बमनी ही ओळ राखली असती तर त्या बेचाळीस हजारांतल्या चार-दोघांची तरी नावं आपल्याकडे असती. माझ्या पाकिटांवर आतापर्यंत भाजीचे टेम्पो आहेत, गणपती आहेत, सायकलवरून वर्तमानपत्रं नेणारा एक मुलगा आहे. तो तीन वर्षांतल्या सात निगेटिव्हवर आला आहे आणि दर खेपेला थोडा उंच झालेला दिसतो. त्याला विचारून त्याचं नाव मी पाकिटावर लिहून ठेवलं आहे.